चार बोटांची खाच

१९ जून
खाच तासली! मीच. भर दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, कोयत्याने.
पाटाला आडवी फळी, फळीत पाणी वाटायला दोन खाचा. माझी जमीन आमच्याकडच्या मापाने चार राई म्हणून खाच चार बोटं रुंद, शेजारच्या खामनोयची तीन म्हणून तीन. माझी आता पाच झाली. वर डोंगरावर मक्यासाठी रान कापल्यापासून ओढा आला तर घर नेतो, नाहीतर चूळ भरायला पुरत नाही. भाताची रोपं पिवळी पडलेली — मग काय करू?

२० जून
रोपं तरारली. मला घास गेला नाही.

२३ जून
खामनोय आली, चिकट भात नि मिरचीचा ठेचा घेऊन. "तुझ्याकडे बरं गं पाणी! ओढ्याची तू एकटीच लाडकी का?"
मी म्हटलं, "तुझ्या पाटात गाळ साठला असेल. आळशी कुठली!"
चाळीस वर्षांची मैत्रीण. ती खरंच फावडं घेऊन गेली, गुडघाभर चिखलात गाळ उपसत राहिली. मी इकडे तिचा ठेचा खात बसले. थू माझ्यावर!

२६ जून
बंधाऱ्याच्या देवाला कोंबडं आणि दारू दिली. पाण्याची वाटणी बघणारा पाटकरी मून म्हणाला, "देवा, पाण्यात कुणी खोटं केलं असेल तर त्याला बघून घे." मी सगळ्यांहून आधी हात जोडले.
खामनोयची अर्धी रोपं गेली.

२८ जून
मूनने फळी पाहिली. "पाण्याने झिजली. नवी बसवू." मग मला म्हणाला, "आजी, खाचेच्या मापाला तुमचाच हात ठेवा. गावात तुमच्याइतकी सरळ बोटं कुणाची?"
ठेवला. थरथरायला लागला. "म्हातारी झाली!" — सगळे हसले. मीही हसले. तोंड उघडलं होतं सांगायला. निघालं काय, तर "नीट खूण कर रे, मेल्या!"

२९ जून
खामनोयच्या बांधावर गेले. म्हटलं, "खाच मी तासली."
तिने मान वर केली नाही. कमरेच्या गाठीतून लाकडाच्या दोन ढलप्या काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. "त्याच दुपारी वाहत आल्या माझ्या रोपांत. तू कधी येतेस, तेच बघत होते."