लाभाचं माप

कोळवण, मंगळवार

तीर्थरूप आईस,
बळीरामचा दंडवत.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. मी ठणठणीत आहे, बोटंही सगळी जागेवर आहेत. हसू नकोस, आज ते सांगायची पाळी आली होती.

इथं नेमबाजांची काडतुसं मी परवान्यानं भरतो, हे तुला ठाऊक आहे. आज काडतुसं भरायच्या फिरत्या चकतीच्या प्रेसवर दारूचं माप नव्यानं बसवत होतो. पहिली काही मापं तोलून परत ओतायची असतात, हे भिकूला सांगितलं होतं. भिकू इथलाच भातशेतीवाला, माझ्या हाताखाली मदतीला येतो. खळ्यावर भात मोजताना 'एक' न म्हणता म्हणतात तसं त्यानं "लाभ" म्हणून पहिलं माप काडतुसात पाडलं आणि तसंच राहू दिलं. माझी पाठ वळली तेवढ्यात चकती न फिरवता त्याच काडतुसावर पुन्हा प्रेसचा दांडा ओढला.

रिकाम्या पितळेत दारू सळसळत पडते. ही आधीच्या दारूवर गुपचूप पडली. मी ओरडलो, "भिकू, थांब!"

"लाभाचं माप परत वततंय व्हय कुनी?" तो माझ्यावरच चिडला.

दुप्पट दारू, आई! उद्या ते काडतूस इथं नेमबाजी शिकणाऱ्या स्वरदाच्या हातात फुटलं असतं. पोरगी आपल्या रेश्माएवढीच आहे.

मग मीच बसलो. पहिलं माप परत ओतलं, पण तोंडातून "लाभ" निघालंच.

"मालक, तुमी बी?" भिकू म्हणाला.

हसलो.

गुडघा कसा आहे? भाताची पायली अजून वर शीग लावूनच भरतेस ना? भरत जा. तिथं जास्त पडलं तर कुणाचा हात जात नाही.

तुझा,
बळीराम