भाच्यासाठी पनवेलची माहिती

१७ जाने. १९९५, मंगळ.
पुण्याहून वसंताचं पत्र. कमळ, माझी धाकटी बहीण, तिचा हा मुलगा. पुढच्या शनि-रवि आईला घेऊन येतो म्हणतो. "मामा, पनवेलमध्ये काय बघायचं, कसं फिरायचं, सविस्तर कळवा." सहा वर्षं फिरकला नाही. आता फिरायला पनवेल हवं. शेवटी सहज म्हणून एक ओळ, नेऱ्याला एस.टी. जाते का?
सगळं पत्र त्या ओळीसाठी.

१८, बुध.
झोप नाही. नेऱ्याचं शेत बाबांचं. सातबाऱ्यावर माझ्याबरोबर कमळचं नाव अजून आहे. हक्क सोडल्याची सही घ्यायची राहिली. मागावी तर तिचा वाटा आहे हे आपणच कबूल केल्यासारखं. म्हणून इतकी वर्षं गप्प. आता बंगले बांधणारे तिकडे जमिनी विचारत फिरतात आणि नेमका आत्ताच भाचा.
सौ. म्हणाली, "नणंद येतेय माझी. दरोडा नाही."

२०, शुक्र.
उत्तर टाकलं. दोन पानं झाली. सकाळची पहिली गाडी धरा. स्टँडवर रिक्षा करू नका, नवा माणूस दिसला की गाव फिरवून आणतात. बाजारातून चालत दहा मिनिटं. कर्नाळ्याला दुसऱ्या दिवशी सातच्या आत, नंतर पक्षी कमी आणि सहली फार. माकडांसमोर पिशवी उघडू नये. मासळी घेताना भाव मी करीन, तुम्ही बोलू नका, पुण्याचे कळता.
नेऱ्याचं लिहिलं, गाडी जाते पण परतीचा भरवसा नाही, बघण्यासारखं काही नाही.
पोपटीचं लिहिलं नाही. थंडीत इथे बघण्यासारखी तीच एक गोष्ट, पण शेंगांचं ते मडकं शेतातच जाळात लावतात.

२४, मंगळ.
दहाच्या गाडीने नेऱ्याला, बाराच्या गाडीने परत. शेत कसणाऱ्या धर्माला बजावलं, पुण्याचे पाहुणे आले तर बांध दाखवायचा नाही.
तो हसला. "कमळआक्कांना मी काय दावनार? कुठला दगड कुठं हाय त्यांनाच ठाव. तुमालाच दर वख्ताला दावावा लागतो."
वर विचारतो, "वाल भरलाय, पोपटी लावू?" नको म्हटलं.
हासुद्धा तिकडचा झालाय की काय.

२८, शनि.
आले. वसंताच्या गळ्यात कॅमेरा, खिशात माझं पत्र. जिथे तिथे काढून बघतो. मासळीबाजारात तोंड बंद, उद्या सातच्या आत कर्नाळा, पिशवी बंद. एवढं ऐकणारा माणूस बरा नव्हे.
जेवताना कमळ म्हणाली, "उद्या नेऱ्याला पोपटी. धर्माला निरोप गेलाय. दादा, तूही ये."
माझ्याच शेतात मला आमंत्रण. निरोप कुणी पोचवला? सौ. ताटात बघत होती.

२९, रवि.
गेलो. न जाऊन कसं चालेल? धर्माने मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घातला, वर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, तोंडात पुन्हा पाला कोंबून मडकं उपडं केलं. भोवती काटक्या, पेंढा. ऊन उतरत होतं. वसंता फोटो काढत होता. कशाकशाचे, ते मोजत होतो.
कमळ चप्पल काढून बांधावरून सरळ शेवटच्या दगडापर्यंत चालत गेली आणि आली. हातात काठी नाही. मला त्या बांधावर धर्माचा हात लागतो.
शेंग सोलून तिने माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, "दादा, मी अजून काही मागितलंसुद्धा नाही. आणि तू लपवायला लागलास."
अजून, म्हणाली. मी शेंग खाल्ली. सहीचं विचारायचं होतं, तोंडात घास होता.

१४ फेब्रु., मंगळ.
वसंताचं पाकीट. एकच फोटो. कमळ बांधावर उभी, पायाशी हद्दीचा दगड, स्पष्ट. मागे त्याच्या अक्षरात 'आईचं शेत'.
सौ.ला दाखवलं. "काय वाईट लिहिलंय? माहेर आहे तिचं," म्हणते.
माहेर लिहायचं तर माहेर लिहावं.
चिठ्ठीत विचारलंय, पोपटी संपायच्या आत आईला पुन्हा आणू का. पोस्टकार्ड घेतलं. 'चि. वसंतास अनेक आशीर्वाद' एवढं लिहून झालं. सौ. दोनदा येऊन बघून गेली. टपालाची पेटी चारला उघडतात.