आपल्या पोरीचं धुकं

प्रिय धुकेश्वरी,

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोन करता आला असता, पण या घरात फोनवर गुपित बोलणं म्हणजे मास्तरांसमोर शेंगदाणे खाणं. मी नुसतं 'हॅलो' म्हटलं की तुझी आई आतला नळ बंद करते. मोबाइलवर लिहावं, तर लोकांच्या चष्म्यांचे नंबर काढून काढून त्या बाईची स्वतःची नजर अशी झाली आहे, की माझा निरोप ती खोलीच्या त्या टोकावरून वाचते आणि वर शुद्धलेखनाची चूक काढते. मी! संस्कृत शिकवून पोट भरणारा माणूस! असो. तर मी आत्ता पेपर तपासतो आहे असं सांगून बसलो आहे. लाल शाई त्याचीच. रागावलेलो नाही.

तुमच्या सिनेमाच्या तिसऱ्या भागाची झलक आली. अर्धा मिनिट नुसतं धुकं, त्यात कुठेतरी एक भोंगा, मग तारीख. तीही पुढच्या वर्षाची! एवढ्यावर जग नाचायला लागलं आहे. माझ्या वर्गात तर त्या दिवशी समास बाजूला राहिले आणि नायिका नाव वल्हवत पलीकडे आईपर्यंत पोचणार की नाही यावर दोन तट पडले. मी मूळ कादंबरी वाचली आहे हे त्यांना माहीत आहे, त्यामुळे मी खडू खाली ठेवला की अख्खा वर्ग कानांत बोटं घालतो. माझी कीर्ती तुला ठाऊक आहेच. माझं म्हणणं साधं आहे गं. आमच्या जुन्या नाटकांत सूत्रधार आधीच येऊन सगळं सांगून जायचा, प्रेक्षकांना कथा तोंडपाठ असायची, तरी रडायचे ते रडायचेच. शेवट कळल्यानं रस आटत असता तर एकही नाटक दुसऱ्यांदा झालं नसतं. हे तत्त्वज्ञान मी पहिल्या भागाच्या वेळी जेवणाच्या टेबलावर सोदाहरण मांडलं, तेव्हा तुझा मामा ताट उचलून बाल्कनीत जाऊन जेवला होता. अजूनही माझ्याशी सिनेमा सोडून बाकी सगळ्या विषयांवर बोलतो.

पण आपल्या घरात या सिनेमाचं नाव काढायचं म्हणजे मांजराच्या शेपटीवर पाय. संगणकावर सिनेमाचं धुकं करायच्या नोकरीला तू गेलीस तेव्हा आई काय म्हणाली ते तुलाही पाठ आहे आणि मलाही. 'लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून मी जन्मभर झिजले, आणि ही पोरगी धुकं करायला निघाली.' वाक्य म्हणून निर्दोष आहे, मी त्यात एक शब्दही बदलणार नाही. दुकानात तुझ्यासाठी आणलेल्या खुर्चीवर ती आता चष्म्यांच्या पेट्या ठेवते, पण खुर्ची काढत नाही. एखादं गिऱ्हाईक बसायला गेलं तर 'ती नको, ती नको' म्हणून उठवते. तेव्हापासून तुम्ही दोघी एकमेकींशी बोलत नाही. फोनवर माझ्याशी बोलता, पण दुसरीला ऐकू जाईल अशा आवाजात. मी मधला दुभाषा. 'विचारा तिला, वेळेवर जेवते का' हे तुला स्वच्छ ऐकू गेलेलं असतं, तरी मी ते पुन्हा म्हणायचं आणि तू मला उत्तर द्यायचं, हा काय यज्ञ चालवला आहे आपण कोण जाणे.

आता एक गंमत सांगतो, पोटात ठेव. दुसरा भाग लागला तेव्हा मी परीक्षकांची बैठक आहे असं सांगून दुपारच्या खेळाला गेलो. उगाच घरात भडका नको म्हणून. आई सकाळीच म्हणाली होती, की ती काचांच्या ठोक व्यापाऱ्याकडे जाणार आहे, उशीर होईल. सिनेमा सुरू झाला. पडद्यावर तुमची ती नायिका धुक्यातून चाललेली, मागून कुणीतरी येतंय, सगळं थिएटर श्वास रोखून बसलेलं, आणि माझ्या पुढच्या रांगेतून आवाज आला, 'अगं मागे बघ की बये!' तो आवाज मी दहा हजारांत ओळखला असता. पडद्यावरच्या माणसांना शहाणपण शिकवणारी एकच बाई माझ्या माहितीत आहे. मी खुर्चीत घसरून जमेल तितका लहान झालो आणि पुढचा सिनेमा तिच्या अंबाड्याच्या डाव्या बाजूनं पाहिला.

संपल्यावर लोक उठले. ती उठली ती तशीच उभी राहिली. नावं वर सरकत होती, मुंग्यांच्या रांगेसारखी. झाडूवाला आला, तिच्या पायाभोवतीनं झाडून गेला. तुमच्या धुक्याच्या विभागात इतकी माणसं आहेत हे मला माहीतच नव्हतं. तुझं नाव आलं आणि गेलं, आणि तुझ्या आईनं पर्समधून रुमाल काढून चष्मा पुसला. चष्मा स्वच्छ होता. दिवे लागल्यावर वळली तर समोर मी. क्षणभर दोघंही चोर. मग म्हणाली, 'काय हो, बैठक संपली वाटतं?' मी म्हटलं, 'हो, काचा मिळाल्या का?' घराजवळच्या कोपऱ्यावर थांबली आणि म्हणाली, 'इतक्या जणांनी मिळून केलंय, तर त्यातलं आपल्या पोरीचं धुकं कुठलं, हे ओळखायचं कसं?' मला तर तिच्या शेजारी बसून सगळा सिनेमा पुन्हा पाहिला तरी ते ओळखता येणार नाही.

तेव्हापासून घरात निराळाच सिनेमा चालू आहे. नव्या झलकीची तिनं दुकानात पारायणं केली. एक गृहस्थ तपासणीची चौकट नाकावर चढवून 'दुसरं स्पष्ट, दुसरं स्पष्ट' म्हणत बसले होते आणि ही संगणकापाशी. शेवटी ते स्वतःच काच बदलून बघायला लागले. आणि रोज रात्री जेवताना मला एकच प्रश्न विचारते, अगदी सहज, मीठ मागावं तसा. 'भेटतात का हो त्या मायलेकी?'

दुसरा भाग तुम्ही नायिका परतीच्या नावेत पाय ठेवते तिथेच तोडलात ना, त्याचे हे भोग. लोकांना शेवट सांगितल्याशिवाय ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही तो मी, पण या एका शेवटाला माझी जीभ टाळ्याला चिकटते. कादंबरीत काय होतं ते तू मुखोद्गत केलेलं असशील. मुलगी निघते त्याच सकाळी पलीकडच्या तीरावरून आईही नाव सोडते. दोघींनाही न सांगता समोर जाऊन उभं राहायचं असतं, म्हणून दोघीही भोंगा वाजवत नाहीत. धुक्यात नावा इतक्या जवळून जातात, की एकीच्या वल्ह्याच्या लाटेनं दुसरीची नाव हलते. आणि मग कधीच भेट नाही. हे मी तुझ्या आईला आमटी वाढता वाढता सांगू? सिनेमावाले बदलतात कधी कधी, एवढंच पुटपुटतो. तुम्ही बदललं आहे का, हे तुला विचारत नाही. तुझ्या गुप्ततेच्या कराराची मला भीती आहे.

आता पत्राचं कारण. गेल्या फोनला तू कुजबुजून सांगितलंस, की तुझ्या वाट्याचं काम हातावेगळं झालं की महिनाअखेरीला न कळवता दारात येऊन उभी राहीन, आईला अजिबात सांगू नका. मी तुझी शपथ घेतली आणि पाळलीही. काल संध्याकाळी तुझी आई लोकरी कोट झटकत होती. मला म्हणाली, 'तिकडे थंडी फार असते का हो?' तुझ्याकडे यायचं तिकीट काढून झालं आहे. महिनाअखेरीचंच. दुकान चार दिवस बंद राहील अशी पाटीसुद्धा लिहून तयार आहे. कळवायचं नाही, सरळ जाऊन दार वाजवायचं, पोरगी काय तोंड करते ते बघायचंय, आणि मी तोंड उघडलं तर माझी खैर नाही. तिचीही शपथ मी घेतली. दोन शपथा परस्परविरुद्ध आल्या तर काय करावं, यावर शास्त्रात नक्की काहीतरी असणार, पण शोधत बसायला मला वेळ नाही. ही बाई तिकडे आणि तू इकडे, मधे कुठल्यातरी फलाटावर तुमच्या गाड्या शेजारून जाणार, आणि तिला तिकडे बंद दार, तुला इकडे नुसता मी. म्हणून आयुष्यभराचा माझा दुर्गुण आज कामी लावतो. ऐक, शेवट फोडतो आहे: आई येते आहे. तू जागची हलू नकोस. स्टेशनवर जाऊ नकोस, तिची सगळी मजा जाईल. सकाळी दार वाजेल. उघडायला धावू नकोस, तिला संशय येईल. पण फार वेळही लावू नकोस.

तुझाच,
पोटात काही न राहणारा,
बाबा