जावईबापूंची प्रवाळं आणि माझ्या खोलीचा पडदा

सौ. विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? व्याह्यांचा खोकला थांबला, की अजून घर डोक्यावर घेतोय? इकडे सगळं ठीक, म्हणजे लेक ठणठणीत आहे, जावईबापू दोन वेळा जेवतात (हाताला धरून बसवलं तर), आणि मी हॉलमधल्या सोफ्यावर झोपते. सोफ्यावर का, हे तुम्ही विचारणार नाही, तुमचा स्वभावच भिडस्त. म्हणून मीच सांगते.

त्याचं असं झालं, जावईबापूंच्या प्रयोगशाळेचं छत गळायला लागलं आणि दुरुस्ती होईपर्यंत त्यांनी आपली प्रवाळं घरी आणली. एक लांबलचक काचेची टाकी, तिच्यात खारं पाणी आणि पाण्यात आठ-दहा दगड. (दगड म्हटलेलं त्यांना खपत नाही. ते प्राणी आहेत म्हणे, आणि त्यांच्या अंगात शेवाळ राहतं, भाडेकरूसारखं. दिवसा उजेडात शेवाळ स्वयंपाक करतं आणि घरमालक आयता जेवतो. अंधार पडला की चूल बंद. मग मालक बारीक बारीक हात बाहेर काढून पाण्यातलं काही तोंडात टाकायला मिळतंय का बघतो, आणि सकाळ झाली की हात पुन्हा आत. भाडं घेऊन वर जेवणही त्याचंच. असो.) ही टाकी ठेवली माझ्या खोलीत, कारण त्या खोलीला एकच खिडकी. त्या खिडकीला जाड काळा पडदा लावला आणि जावईबापूंनी जाहीर केलं, की इथे आता तसूभरही उजेड येता कामा नये. उजेड दिसलाच नाही तरी प्रवाळांना संध्याकाळ कळते का, त्यांच्या आतच काही घड्याळ आहे का, हे त्यांना बघायचं होतं. त्यांची नोकरी कायम व्हायची की नाही, ते यावर ठरणार होतं. हल्ली नोकऱ्या कशाकशावर ठरतात बघा.

रोज कामावर जाण्याआधी आणि घरी आल्यावर ते मिणमिणता लाल दिवा घेऊन आत जायचे (तो उजेड प्रवाळांना जाणवत नाही म्हणे), आणि बाहेर येऊन लेकीला सांगायचे, अंधारातसुद्धा अगदी वेळेवर उघडली. लेक टाळ्या पिटायची. मी मान खाली घालून भाजी निवडत बसायची. जावईबापू इतके खूश, की एकदा त्यांनी स्वतः उठून माझ्यासाठी चहा केला. साखरेऐवजी टाकीचं मीठ पडलं होतं, पण मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. मला तो प्यायलाच हवा होता.

एवढं लिहायचं कारण, तुमचा मुलगा फार गुणी आहे. वळण चांगलं लावलंय तुम्ही. सहसा चिडत नाही, आणि तुमच्यावर तर कधीच नाही, असं लेक सांगते. बाकी विशेष काही नाही. तब्येतीला जपा.

तुमची,
विहीण

ता. क. विशेष आहे. तो पडदा मी रोज उघडत होते. ती दोघं कामावर गेली की घर खायला उठतं हो. एकदा दार ढकलून आत डोकावले, तर मिट्ट काळोख, आणि मनात आलं, बिचाऱ्या भाडेकरूंच्या चुली बंद पडल्या असणार. घरात उपाशी जीव ठेवून माझ्या घशाखाली घास उतरेना. मग काय, पडदा उघडायचा, टाकीजवळ खुर्ची ओढायची, चार शब्द बोलायचे (ती उलट उत्तर देत नाहीत, हा या घरात मोठाच गुण), आणि दोघं यायच्या आत पडदा ओढून घ्यायचा. आता सोमवारी जावईबापू मोठ्या साहेबांपुढे हा अंधारातला चमत्कार मांडणार आहेत. उद्या दुसऱ्या कोणी करून पाहिलं आणि तसं झालं नाही, तर त्यांची अब्रू जाईल, तीही माझ्यापायी. विहीणबाई, तुम्हीच सांगा त्यांना. आईवर कोण रागावतं? आणि मी थोडे दिवस तुमच्याकडे येऊन राहीन म्हणते.

ता. क. २. पत्र टाकायचा धीर झाला नाही, पर्समध्येच फिरतंय. शेवटी जेवताना मीच सांगून टाकलं. लेक ताटावरून उठली. जावईबापूंनी साहेबांकडे नाक मुठीत धरून मुदत मागितली, प्रयोग पहिल्यापासून मांडला आणि खोलीला कुलूप घातलं. किल्ली त्यांच्या खिशात. बरोबरच आहे त्यांचं, पण मला फार लागलं.

ता. क. ३. प्रवाळं उघडली. कुलूपबंद अंधारात, रोज संध्याकाळी हात बाहेर, सकाळी आत. माझ्यावाचून त्यांचं काही अडत नाही हे शास्त्राने सिद्ध झालं, आणि त्याबद्दल जावईबापूंची नोकरी कायम झाली. लेकही बोलायला लागली. मी सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून पडले होते, तर जावईबापू आले आणि किल्ली पुढे धरून म्हणाले, "आई, वेळ त्यांना कळते, पण वेळ कळून पोट भरत नाही. फिकट पडायला लागलीत. पडदा तुम्हीच उघडा."

उघडला. तेव्हा तुमच्याकडे यायचं रद्द. तुम्ही बोलावलं नव्हतंतच, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका.