मेसमध्ये मी खोटं बोलले

ती. बाबा,

मेघालीचा नमस्कार. पुण्यात मी बरी आहे, जेवणही जमतं.

काल मेसमध्ये आरक्षणावरून वाद झाला. एकीने माझ्या खोलीतल्या रूपाला विचारलं, "तुला किती मार्कांवर मेडिकल मिळालं गं?" रूपा ताट सोडून उठली. मग ती विचारणारी मुलगी मला म्हणाली, "तू तर ओपनची ना?"

मी हो म्हटलं, बाबा. माझ्या जातीच्या दाखल्यासाठी तुम्ही गोदामातले खाडे करून भिवंडीला किती खेपा घातल्या, ते आठवलं, तरी म्हटलं.

आज रूपाला खरं सांगितलं. ती म्हणाली, "हे काल सांगायचंस." तिने खोली बदलून मागितली आहे.

तुमची कंबर कशी आहे? आईला यातलं सांगू नका. तिला वाटतं, मी कुणाला घाबरत नाही.

तुमची,
मेघाली