कळशीतलं पाणी

अण्णा, भद्रकालीतल्या भंगारवाल्याकडून आणून तुम्ही मोटारसायकलच्या मागच्या चाकाला ज्या स्प्रिंगा बसवल्या होत्या, त्या नेमक्या कुठल्या गाडीच्या होत्या? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी हे आत्ता विचारतेय, कारण महिनाभर मला दुसरा उपायच सुचत नव्हता. आईचा मणका पुन्हा दुखतोय. दर मंगळवारी तिला दवाखान्यात न्यायचं असतं आणि इंदिरानगरातून निघालं की पहिल्याच गतिरोधकाला ती माझा हात असा आवळते की रिक्षा थांबवावी लागते. मागच्या मंगळवारी तर ती जिन्याच्या पायरीवरच बसली. म्हणाली, "मी नाही येत. मरण यायचं तर घरात येऊ दे." डॉक्टर म्हणतात, इलाज मध्येच सोडला तर पाय जातील. मी हात जोडते, रागावते, रडते. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहते.

म्हणून सारखी तुमची गाडी आठवते. आपण एकलहऱ्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो, तुम्ही वीज केंद्रात फिटर आणि आईची शाळा पार कळवणच्या पुढच्या खेड्यात. तेव्हाही तिला मणक्याचंच दुखणं लागलं होतं, कमरेला पट्टा असायचा. शनिवारी एसटीनं यायची आणि त्या धक्क्यांपायी रविवार सगळा पालथी पडून काढायची. एका रविवारी ती म्हणाली, आता मी फक्त दिवाळीत आणि मे महिन्यात येईन. तुम्ही तसेच उठलात, अंगणात गेलात आणि गाडीचं मागचं चाक खोललंत.

पुढचे कित्येक आठवडे घरात दुसरा विषय नव्हता. स्प्रिंग मऊ घातली तर खड्ड्यात तळाला ठोकते, कडक घातली तर माणसाला उडवते. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कमधलं तेल तुम्ही कधी जाड घालून पाहायचात, कधी पातळ. आणि परीक्षा कशी, तर मागच्या सीटवर काठोकाठ भरलेली कळशी सुतळीनं बांधायची आणि कॉलनीच्या रस्त्यावर फेरी मारून यायचं. पाणी सांडलं की पुन्हा खोल. शेजारचे काका गॅलरीतून विचारतात, "काय हो, तुमच्या नळाला पाणी नाही का?" तुम्ही म्हणता, "पाणी आहे हो, रस्ता नाही." तुम्हाला हसताना मी फार कमी वेळा पाहिलंय, पण कळशी जवळजवळ भरलेली परत आली त्या दिवशी तुम्ही हसलात आणि ते पाणी तुळशीला न घालता माझ्याच डोक्यावर ओतलंत.

मग दर शनिवारी आईला शाळेच्या गावाहून आणायला आपण दोघं गाडीनं जाऊ लागलो, आणि क्लचनं दगा दिला. तुमचा डावा हात लहानपणी चिंचेवरून पडून मोडलेला, वैदूनं वाकडाच बसवलेला. त्या हाताला पेलावं म्हणून तुम्ही क्लचला हलक्या स्प्रिंगा घातल्या होत्या. तिघांचं ओझं घेऊन घाट चढायला लागलो तशा आतल्या प्लेटा घसरू लागल्या. इंजिन ओरडतंय, गाडी जागची हलत नाही, जळका वास सुटलेला, आणि आई कमरेला हात लावून रस्त्याच्या कडेला उभी. तुम्ही नव्या प्लेटा आणि मूळच्या कडक स्प्रिंगा घातल्यात. आता क्लचचा दांडा तुमच्या एकट्याच्या हाताला दबेना. मग मी टाकीवर पुढे बसायचे, क्लचवर माझी बोटं आणि त्यावर तुमची. तुम्ही कानाशी म्हणायचात, "धर." गियर पडला की म्हणायचात, "आता सोड. झटका नको. झोपलेल्या माणसाशेजारून उठतो ना, तसं." घरी आलो की तुम्ही गाडी स्टँडला लावण्याआधी आईला विचारायचात, "कसं वाटलं?" आणि ती म्हणायची, "कळलंसुद्धा नाही."

हे वाक्य तुम्ही सगळ्या एकलहऱ्याला सांगितलं असेल. मीही आयुष्यभर तेच धरून बसले होते. तुमच्या मागे गाडी विकली नसती तर किती बरं झालं असतं, असं या महिन्यात शंभरदा मनात आलं. गॅरेजं पालथी घातली. एक पोरगा म्हणाला, "मॅडम, जुन्या स्प्रिंगांचं काय घेऊन बसलात, आता गाड्यांचे सगळे शॉकअब्सॉर्बर गॅसवर आलेत." शेवटी आज, रिक्षात धक्के किती बसतात ते पाहायला, मी शेजारी भरलेली कळशी घेऊन बसले. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "ताई, काय चाल्लंय हे?" मुंबई नाक्यापर्यंत अर्धी सांडली. ओल्या साडीनं मी तिथंच उतरले आणि रस्त्यावर उभी राहून रडले.

आज संध्याकाळी आईनं ओली साडी बघून विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं. म्हटलं, अण्णांनी केलं होतं तसं मीही करेन, मला थोडे दिवस दे. ती म्हणाली, "त्या गाडीवरही दुखायचं गं. लय दुखायचं. घाटात मी तोंडात पदर कोंबून बसायचे."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"वाकड्या हातानं किती वेळा खोललं त्यांनी ते. आणि सांगितलं असतं तर म्हणाले असते, नको येऊस, तिकडंच राहा. मला घरी यायचं होतं." मग माझा हात ओढून म्हणाली, "तू त्यांना सांगू नको."

मी म्हटलं, "नाही सांगत." आणि ती झोपल्यावर इथं सगळं लिहून बसले. म्हणून हे पत्र मी उद्या चुलीत घालणार आहे; गॅसची शेगडी आहे आता, पण काडी लावता येतेच. तुमच्या स्प्रिंगांची आता गरज नाही. आई यायला तयार झाली आहे; कशामुळे, ते मी विचारलं नाही. उद्या मंगळवार आहे. दवाखान्याच्या दारात तिला रिक्षातून उतरवलं की मी विचारणार, कसं वाटलं? आणि खरं सांगते अण्णा, तिनं माझ्याशीही खोटंच बोलावं असं मला वाटतंय.