तारेचं राहिलेलं टोक

प्राप्ती,

यार्डातून फोन आला, ट्रेलर घेऊन निघतोय. तुला उठवलं नाही.

टेबलावर हरेशदादाच्या जुन्या व्हिडिओगेमची आतली सर्किटची प्लेट उघडी आहे, तिला हात लावू नको. हिरवा गंज व्हिनेगरने काढलाय. खालच्या तांब्याच्या दोन रेषा गंजाने खाल्ल्यात, तिथे केसासारखी तार जोडलीय. एका टोकाला सोल्डर मारायचं राहिलंय. आई प्लेट उन्हात ठेवायला जाईल, तिला थांबव.

गंज कशाने धरला असं तिने विचारलं, तर खाडीची हवा म्हण. दादा नोकरीला बडोद्याला गेल्यावर तिनेच तो गेम मिठागरातल्या गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवला होता, धूळ बसू नये म्हणून. त्या गोणपाटातल्या मिठानेच तो खाल्ला. हे तिला कळलं तर दोन दिवस जेवायची नाही. परत गुंडाळायला तिने मागच्या दारी दुसरं गोणपाट धुऊन वाळत घातलंय, तेवढं आधी उचल.

काल तू चिडून विचारलंस, एवढं काय त्यात रोज डोकं घालून बसतोस. तेव्हा आई समोर होती, म्हणून इथे लिहितोय. दादाशी बोलणं झालंय माझं. त्याने तिथेच फ्लॅट घेतलाय, आता जत्रेलाही येणार नाही. गेमचं सांगितलं तर म्हणाला, भंगारात दे.

आई रोज विचारते, "झाला का चालू? हरेश आला का लागंल त्याला."

ते टोक जोडणं दोन मिनिटांचं काम आहे. पण गेम चालू झाला की ती मला दादाला फोन लावायला सांगेल.

जीवन